तालुक्याचे छोटे कॉलेज आपल्या मुलाला मानवेल काय?



बारावीचे निकाल लागले की गट ऑफिसात उसाच्या नोंदीपेक्षा दुसराच विषय जास्त निघतो. "साहेब, पोराला इथंच तालुक्याला घालावं, का पुण्याला धाडावं?" आमचे काम उसाचे, शिक्षण शेतकीच्या पदविकेचे, तरीही सभासद विचारतात, कारण बांधावर रोज भेटणारा माणूस आपल्या घरची परिस्थिती जाणतो असे त्यांना वाटते. प्रत्येकाला उभ्या-उभ्या उत्तर देण्यापेक्षा हा विषय एकदा नीट मांडावा, म्हणून हा लेख.

सुरुवातीलाच एक सांगतो. "छोटे कॉलेज चांगले की वाईट?" हा प्रश्नच अपुरा आहे. को ८६०३२ चांगला की कोएम ०२६५ चांगला, असे कोणी विचारले तर आम्ही उलट विचारतो, जमीन कसली आहे? क्षारपड रानात कोएम ०२६५ तग धरतो. साखरेचे प्रमाण आणि खोडवा यांसाठी को ८६०३२ चे नाव आहे. वाण तोच, पण रान बदलले की उत्पन्न बदलते. कॉलेजचेही तसेच आहे. कोणत्या मुलासाठी, कोणत्या शाखेसाठी आणि कोणत्या घरातून, हे ठरल्याशिवाय त्याला चांगले-वाईट म्हणता येत नाही.

ही कॉलेजे आपल्या भागात आली कशी?

आज तालुक्याच्या कॉलेजला नाक मुरडणाऱ्यांनी थोडा मागचा इतिहास ध्यानात घ्यावा. कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९१९ साली काले येथे रयत शिक्षण संस्था सुरू केली. १९४७ मध्ये साताऱ्याला छत्रपती शिवाजी कॉलेज निघाले आणि १९५४ मध्ये कऱ्हाडला सद्‌गुरू गाडगे महाराज कॉलेज. "कमवा आणि शिका" या योजनेत मुलांनी रानात खणती-भांगलणी करून पदव्या घेतल्या. गारगोटीला डॉ. जे. पी. नाईक यांच्या प्रयत्नाने १९५२ मध्ये मौनी विद्यापीठ उभे राहिले.

पुढे साखर कारखानदारीने हेच काम उचलले. पद्मश्री विठ्ठलराव विखे पाटील यांच्या प्रवरा परिसरात १९६४ साली ग्रामीण शिक्षण संस्था निघाली. तात्यासाहेब कोरे यांच्या वारणानगरलाही त्याच साली महाविद्यालय सुरू झाले. १९८३ साली वसंतदादा पाटील मुख्यमंत्री असताना विनाअनुदान तत्त्वावर अभियांत्रिकी कॉलेजांना परवानगी मिळाली, आणि लोणी, कोपरगाव, साखराळे अशा उसाच्या गावांत इंजिनिअर घडू लागले. कित्येक कारखान्यांत टनामागे थोडी रक्कम शिक्षण निधीसाठी कापून घेतली गेली. म्हणजे यांतल्या कितीतरी इमारतींत तुमच्या-आमच्या वाडवडिलांच्या उसाचा पैसा आहे.

हा अभिमान योग्यच आहे. पण अभिमानापोटी आपले मूल तिथे घालणे आणि विचार करून घालणे यांत फरक आहे. वाडवडिलांनी संस्था उभ्या केल्या त्या मुलांसाठी. संस्थेचा पट भरावा म्हणून मुले नव्हेत.

आधी मूल पाहा, मग कॉलेज

लागण करण्यापूर्वी आपण माती परीक्षण करतो, निदान करायला हवे. तसे आपल्या मुलाचे परीक्षण पालकाने करावे. त्याला प्रयोगशाळा लागत नाही, चार प्रश्न पुरतात.

पहिला प्रश्न : मुलाला पुढे काय करायचे आहे? स्पर्धा परीक्षा द्यायच्या असतील तर राज्यसेवेच्या बहुतेक पदांना कोणत्याही शाखेची पदवी चालते. अशा मुलाने केवळ पदवीसाठी महागड्या शहरात तीन वर्षे काढण्याचे कारण नाही. शांत जागा, चांगले वाचनालय आणि स्वतःची शिस्त त्याला पुरते. याउलट मुलाला संशोधनात जायचे आहे, किंवा एखादा ठरावीक विषयच शिकायचा आहे आणि तो विषय तालुक्याला नाहीच, तर जवळ आहे म्हणून तिथे घालणे म्हणजे पेरायचा हरभरा आणि घरात आहे म्हणून टाकायची ज्वारी.

दुसरा प्रश्न : मूल एकटे अभ्यास करते, की कोणी पाठीशी लागावे लागते? ज्याला पाठीशी माणूस लागतो, त्याला शे-दीडशेच्या वर्गात कोणी ओळखत नाही. चाळीस मुलांच्या वर्गात सर नावाने हाक मारतात आणि दोन दिवस दिसला नाही तर घरी फोन करतात.

तिसरा प्रश्न : इंग्रजीची तयारी किती आहे? कला व वाणिज्य शाखेला मराठीतून शिकण्याची सोय बऱ्याच ठिकाणी असते. विज्ञान आणि अभियांत्रिकी मात्र बहुतेक ठिकाणी इंग्रजीतून. दहावीपर्यंत मराठीतून शिकलेले हुशार मूल शहरातल्या वर्गात पहिले सहा महिने गप्प बसते. काही मुले त्यातून तरून जातात, काही मनाने मागे पडतात. आपले मूल कुठल्या प्रकारचे, हे आईला जास्त कळते. तिला विचारा.

चौथा प्रश्न : मुलाची स्वतःची इच्छा काय? हा प्रश्न सर्वांत शेवटी विचारला जातो आणि कधीकधी विचारलाच जात नाही.

बेणे पाहायला जाता, तसे कॉलेज पाहायला जा

बेणे घेताना आपण नुसत्या शब्दावर घेत नाही. प्लॉटवर जातो, पाचट सोलून कांडी पाहतो, डोळे फुगीर आहेत का, वय दहा-अकरा महिन्यांचे आहे का, खोडव्याचे तर नाही ना, हे सगळे बघतो. एका हंगामाच्या बेण्यासाठी इतकी चौकशी, आणि मुलाच्या तीन-चार वर्षांसाठी मात्र चौकातला फ्लेक्स पाहून प्रवेश! हे बरोबर नाही.

कॉलेज चालू असताना, आठवड्याच्या मधल्या वारी, सकाळी अकराच्या सुमारास जावे. सुट्टीच्या दिवशी किंवा समारंभाला गेल्यास खरे दिसत नाही. पुढील गोष्टी स्वतः पाहाव्यात व विचाराव्यात.

१) तास होतात काय? व्हरांड्यातून एक फेरी मारा. किती वर्गांत शिकवणे चालू आहे आणि किती वर्ग रिकामे आहेत, हे पाहिले तरी निम्मे उत्तर मिळते.

२) आपल्या मुलाच्या विषयाला प्राध्यापक आहे काय? ग्रामीण कॉलेजांत जागा रिक्त असणे हे मोठे दुखणे आहे. पूर्ण वेळ किती आणि तासिका तत्त्वावर किती, ते विचारा. तासिका तत्त्वावरची माणसे वाईट शिकवतात असे मुळीच नाही. कित्येक जण नेट-सेट, पीएच.डी. झालेली, मन लावून शिकवणारी असतात. पण त्यांची नेमणूक कधी उशिरा होते आणि मध्येच दुसरी नोकरी मिळाली तर विषय अर्धवट राहतो. आमच्या पाहण्यातल्या एका मुलीला विज्ञान शाखेत पहिल्या वर्षी एका मुख्य विषयाला दिवाळीपर्यंत शिक्षकच नव्हता. मुलगी हुशार होती. ती नापास झाली नाही, पण त्या विषयाचा पाया कच्चा राहिला तो राहिलाच.

३) प्रयोगशाळा वापरात आहे काय? कपाटाला कुलूप आणि टेबलावर धूळ असेल, तर यादीत कितीही उपकरणे असली तरी उपयोग नाही. कृषी कॉलेज असेल तर स्वतःचे प्रक्षेत्र किती आणि त्यावर पीक काय उभे आहे, ते पाहा. शेतकऱ्याच्या नजरेला हे कोणी शिकवायला नको.

४) ग्रंथालयात मुले बसलेली दिसतात काय? पुस्तकांची संख्या विचारण्यापेक्षा हे पाहणे बरे.

५) आलेल्यांपैकी टिकले किती? हा सर्वांत महत्त्वाचा आणि सर्वांत कमी विचारला जाणारा प्रश्न. आपण उगवण पाहून खूश होत नाही; नांग्या किती पडल्या आणि तोडणीला गाळपायोग्य ऊस किती उभा राहिला, ते मोजतो. तसेच पहिल्या वर्षी किती मुले आली, तिसऱ्या वर्षी किती उरली आणि त्यांतली किती पास झाली, हे आकडे मागा. "निकाल नव्वद टक्के" असे सांगितले, तर नव्वद टक्के कोणाचे, हे विचारा. शंभर मुले आली, चाळीस परीक्षेला बसली आणि छत्तीस पास झाली, तरी निकाल नव्वद टक्केच होतो. साठ मुले गेली कुठे?

६) जुने विद्यार्थी काय करतात? तीन वर्षांपूर्वी बाहेर पडलेल्या चार-पाच मुलांना गाठा. भित्तिपत्रकावर फोटो लावलेली एक-दोन मुले पाहून उपयोगाचे नाही. मधल्या बाकावरची मुले कुठे लागली, ते विचारा. साखर उतारा जसा एका मोळीवरून ठरत नाही, तसा कॉलेजचा उतारा एका निवडक मुलावरून ठरत नाही.

याच ठिकाणी आणखी एक मुद्दा. शहरातल्या नामांकित कॉलेजात नव्वद टक्क्यांची मुले जातात आणि चांगल्या गुणांनी बाहेर पडतात. त्यात कॉलेजचे काम किती आणि मुलांचे मूळचे किती, हे सांगणे कठीण. पण तालुक्याचे एखादे कॉलेज पंचावन्न टक्क्यांची, घरात पहिल्यांदाच कॉलेजची पायरी चढणारी मुले घेते आणि त्यांना पदवीपर्यंत, नोकरीपर्यंत नेते, तेव्हा त्या कॉलेजने खरोखर काम केले असे म्हणावे लागेल.

कागद तपासून घ्यावेत

सात-बारा पाहिल्याशिवाय आपण जमीन घेत नाही. कॉलेजचेही कागद असतात.

*संलग्नता :* ते कोणत्या विद्यापीठाशी संलग्न आहे आणि आपण घेत आहोत तो अभ्यासक्रम त्या संलग्नतेत येतो काय? कॉलेज मान्य आहे, पण नवा अभ्यासक्रम अजून मान्य व्हायचा आहे, असे कधी कधी असते. "मान्यता येणारच आहे" या शब्दावर पैसे भरू नयेत. अभियांत्रिकीसारख्या तांत्रिक शिक्षणाला अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेची मान्यता लागते.

*अनुदानित की विनाअनुदानित :* एकाच इमारतीत एक तुकडी अनुदानित आणि दुसरी विनाअनुदानित असू शकते, आणि दोहोंच्या फीमध्ये मोठा फरक पडतो. आपल्या मुलाचा प्रवेश कुठल्या तुकडीत, हे पावती फाडण्यापूर्वी विचारावे.

*नॅक श्रेणी :* १९९४ साली स्थापन झालेली नॅक ही संस्था कॉलेजांचे मूल्यांकन करते. श्रेणी पाहावी, पण ती कोणत्या वर्षीची आणि मुदतीत आहे काय, हेही पाहावे. श्रेणी संपूर्ण कॉलेजला मिळते, तुमच्या मुलाच्या विषयाला नव्हे, हे विसरू नये.

*फी :* विनाअनुदानित व्यावसायिक अभ्यासक्रमांची फी राज्याचे शुल्क नियामक प्राधिकरण ठरवते. त्यापलीकडे "डोनेशन" म्हणून कोणी रक्कम मागत असेल, तर महाराष्ट्रात १९८७ च्या कायद्याने त्यास बंदी आहे. पावती न देता घेतलेला पैसा हा बुडीत पैसा समजावा.

*सवलती :* राजर्षी छत्रपती शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती आणि डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता या योजनांचे अर्ज महाडीबीटी पोर्टलवर भरावे लागतात. अट, मुदत आणि उत्पन्नाचा दाखला यांची माहिती प्रवेशाच्या आधीच घ्यावी. दाखल्यासाठी तहसीलला शेवटच्या दिवशी रांग लागते. व्यावसायिक अभ्यासक्रमाचा प्रवेश केंद्रीभूत प्रक्रियेतून घेतला आहे की व्यवस्थापन कोट्यातून, यावर सवलत मिळणे न मिळणे अवलंबून असते. चांगले गुण असताना घाईने कोट्यातून जागा अडवणे म्हणजे स्वतःच्या हाताने सवलत सोडणे होय.

खर्चाचा हिशेब टनांत मांडा

रुपयांत हिशेब मांडला की आकडा डोळ्यापुढे राहत नाही. म्हणून आपण तो टनांत मांडू. पुढील आकडे समजुतीसाठी धरलेले आहेत. प्रत्येकाने आपले घालावेत.

समजा, शहरात खोली, खानावळ आणि किरकोळ मिळून महिना ९,००० रुपये लागतात. दहा महिन्यांचे ९०,००० आणि तीन वर्षांचे २,७०,००० रुपये. तोडणी-वाहतूक जाऊन टनाला ३,००० रुपये हातात पडले असे धरले, तर हा ९० टन ऊस झाला. एकरी ४० टन उतारा धरल्यास सव्वादोन एकरांचे एका वर्षाचे सगळे उत्पन्न. त्यात खते, बेणे, पाणीपट्टी आणि सोसायटीचे कर्ज अजून धरलेले नाही, आणि कॉलेजची फीही नाही.

तेच मूल घरून जाऊन-येऊन शिकले आणि पास, डबा, वह्या-पुस्तके मिळून महिना १,००० रुपये लागले, तर तीन वर्षांचे ३०,००० म्हणजे १० टन. फरक ८० टनांचा.

म्हणून शहरात पाठवूच नये, असा याचा अर्थ नाही. ८० टन ऊस घालून मुलाला तिथे असे काय मिळणार, जे इथे मिळत नाही, हा प्रश्न विचारायचा. उत्तर ठाम असेल, म्हणजे विषय, प्रयोगशाळा, कंपन्यांच्या निवडी, संशोधन असे काही हातात दाखवता येत असेल, तर पोटाला चिमटा घेऊन पाठवावे. उत्तर "शेजाऱ्याचा गेला म्हणून" एवढेच असेल, तर ते ८० टन घरात ठेवावेत.

पैशाबरोबर वेळेचाही हिशेब मांडा. कॉलेज पंचवीस किलोमीटरवर आहे, एसटी बदलून जावे लागते आणि रोज जाण्या-येण्यात तीन तास जातात असे धरा. वर्षाला दोनशे दिवसांचे ६०० तास झाले. आठ तासांचा दिवस धरला तर पंचाहत्तर दिवस मूल केवळ रस्त्यावर असते. अशा वेळी जवळच्या गावी वसतिगृह किंवा नातेवाइकांचे घर पाहणे शहाणपणाचे. "घरून जाणे स्वस्त" हे दर वेळी खरे नसते.

छोट्या कॉलेजचा लाभ कोणाला, तोटा कोणाला?

आमच्या पाहण्यात आलेल्या मुलांवरून काही गोष्टी सांगतो.

घरात पहिल्यांदाच कॉलेजला जाणारे, बुजरे, मध्यम गुणांचे पण कष्टाळू मूल छोट्या कॉलेजात फुलते. वक्तृत्व स्पर्धेत, राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरात, कबड्डीच्या संघात त्याला जागा मिळते. मोठ्या ठिकाणी हीच जागा आधीच तयार होऊन आलेली मुले घेतात. आमच्या गटातला एक मुलगा शहरात विज्ञानाला गेला, आठ महिन्यांत मन मोडून परत आला. पुढल्या वर्षी तालुक्याला वाणिज्य शाखेत बसला. आज तो एका पतसंस्थेत जबाबदारीच्या जागेवर आहे. शहर वाईट नव्हते. ते त्या वयात त्याला मानवले नाही.

याउलट दुसरा एक मुलगा. गणितात असाधारण, सरांनाच प्रश्न विचारून अडवणारा. वडिलांनी जवळ म्हणून तालुक्याला ठेवला. तिथे त्याच्या तोडीचा दुसरा मुलगा नव्हता, वरचे शिकवणारे कोणी नव्हते. पहिल्या वर्षी पहिला आला, दुसऱ्या वर्षीही पहिला आला, आणि त्या पहिलेपणातच त्याची भूक मेली. भारी रानात कमी मुदतीचे पीक घेतल्यासारखे झाले. अशा मुलाला बाहेर काढणे हे पालकाचे कर्तव्य आहे, मग कर्ज काढावे लागले तरी चालेल. फक्त ते कर्ज शैक्षणिक असावे. जमीन विकून किंवा सावकाराकडून नसावे.

आणखी एक गोष्ट नवीन आहे. राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानुसार २०२४-२५ पासून आपल्याकडच्या संलग्न कॉलेजांतही मुख्य विषयाबरोबर दुय्यम विषय आणि इतर पर्याय निवडण्याची पद्धत आली. कागदावर पर्याय पुष्कळ असतात. छोट्या कॉलेजात शिक्षक मोजके असल्याने प्रत्यक्षात दोन-तीनच मिळतात. म्हणून "अमुक विषय आहे का" एवढे न विचारता, "यंदा हा विषय शिकवणार आहात काय आणि कोण शिकवणार" असे विचारावे. तीन वर्षांनंतर चौथ्या वर्षाची सोय तिथे आहे काय, हेही माहीत करून घ्यावे.

मुलींच्या बाबतीत दोन शब्द

हा मुद्दा आम्ही मुद्दाम वेगळा घेतला आहे. कित्येक घरांत मुलापुढे "तालुका की पुणे" असा प्रश्न असतो, आणि मुलीपुढे "तालुका की घर" असा. अशा घरातील मुलीसाठी जवळचे छोटे कॉलेज ही फार मोठी गोष्ट आहे. ते नसते तर हजारो मुली बारावीलाच थांबल्या असत्या. तेवढ्यासाठी तरी या कॉलेजांचे उपकार मानले पाहिजेत.

पण म्हणूनच मुलीसाठी कॉलेज निवडताना चौकशी कमी करू नका. "तिला काय, लग्नापर्यंत काहीतरी शिकू दे" असे म्हणून जे कॉलेज मुलाला नको वाटते, तिथे मुलीला घातले जाते. हा अन्याय आहे. मुलीला पंचाऐंशी टक्के पडले आणि मुलाला साठ, तर शहराचा ८० टनांचा खर्च कोणावर करणे फायद्याचे, याचे उत्तर उसाच्या हिशेबानेसुद्धा सोपे आहे. शासनाने २०२४-२५ पासून वार्षिक आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरातील पात्र मुलींना केंद्रीभूत प्रक्रियेतून घेतलेल्या व्यावसायिक प्रवेशासाठी शिक्षण शुल्क व परीक्षा शुल्काची पूर्ण सवलत दिली आहे. आपली मुलगी पात्र आहे काय, हे कॉलेजच्या कार्यालयात विचारा. फीचे कारण आता बऱ्याच घरांत उरलेले नाही.

मुलीच्या कॉलेजला जाताना आणखी दोन गोष्टी पाहा : शेवटची एसटी किती वाजता आहे, आणि मुलींचे स्वच्छतागृह पाण्यासह चालू आहे काय. लहान वाटणाऱ्या याच गोष्टींमुळे मुली तास बुडवतात.

प्रवेश झाला म्हणजे काम संपले नाही

आता थोडे कडू बोलतो, सभासदांनी राग मानू नये. जवळचे कॉलेज वाया जाण्याचे निम्मे कारण कॉलेजात नसते, आपल्या घरात असते.

मूल घरी आहे म्हटल्यावर रात्रीच्या लाइटला पाणी धरायला तेच, सकाळी डेअरीला दूध घालायला तेच, ऊसतोड आली की टोळीमागे फडात तेच. कॉलेजचे वर्ष जूनच्या सुमारास सुरू होते आणि ऐन अभ्यासाच्या दिवसांत आपला गाळप हंगाम असतो. रात्री दोनला मोटर चालू करून आलेले मूल सकाळच्या तासाला झोपणार नाही तर काय करणार? मग आपण म्हणतो, "गावठी कॉलेज, काही शिकवत नाहीत."

घरचे काम करू नये असे आम्ही म्हणत नाही. शेतकऱ्याच्या मुलाला शेत कळलेच पाहिजे. पण मूल घरून शिकणार असेल तर घरात आधी ठरवा : पाण्याची पाळी आठवड्यातून किती रात्री, अभ्यासाचे तास कोणते, आणि परीक्षेच्या आधीचा महिना संपूर्ण मोकळा. एवढे पाळणे आपल्या घरी शक्य नसेल, तर साधे का होईना पण वसतिगृह बरे. घरून शिकण्याची बचत त्याच्या झोपेतून वसूल करू नये.

दुसरे, वर्षातून दोनदा कॉलेजात जाऊन प्राध्यापकांना भेटा. फडात मुकादमाला भेटायला आपण दहा वेळा जातो. पालक येऊन विचारतो हे दिसले की कॉलेजही जागे राहते. छोट्या कॉलेजचा हा मोठा गुण आहे की तिथे प्राचार्यांच्या दारापर्यंत साध्या सभासदालाही जाता येते. वार्षिक सभेत काटामारीबद्दल, दराबद्दल आपण उठून विचारतो. परिसरातल्या कॉलेजातील रिक्त जागांबद्दल, प्रयोगशाळेबद्दलही तसेच विचारले पाहिजे. संस्था सुधारण्याचा मार्ग तिथूनच जातो.

तिसरे, निवड चुकली असे वर्षभराने दिसले, तर हट्ट धरू नये. उगवण नीट झाली नाही तर आपण नांग्या भरतो, फारच बिघडले तर रान मोडून दुसरे पीक घेतो. विषय बदलणे, कॉलेज बदलणे, पदवी इथे करून पदव्युत्तर शिक्षणाला बाहेर जाणे, हे सर्व मार्ग खुले असतात. तीन वर्षे तालुक्याला पाया पक्का करून मग विद्यापीठात गेलेली आणि तिथे चमकलेली मुले आम्ही पाहिली आहेत.

थोडक्यात

कॉलेज ठरवण्यापूर्वी सभासदांनी पुढील गोष्टी कागदावर लिहून काढाव्यात :

१) मुलाला किंवा मुलीला काय करायचे आहे, तिच्या किंवा त्याच्या शब्दांत.
२) तो विषय यंदा तिथे शिकवला जातो काय, आणि कोण शिकवतो.
३) पहिल्या वर्षी किती मुले आली, शेवटच्या वर्षी किती उरली.
४) अभ्यासक्रमाची मान्यता, तुकडी अनुदानित की कसे, एकूण फी आणि मिळणारी सवलत.
५) तीन वर्षांचा खर्च टनांत, आणि रोजचा प्रवास तासांत.
६) घरून शिकणार असल्यास घरच्या कामाची ठरलेली मर्यादा.

या सहाही उत्तरांनी तालुक्याच्या कॉलेजकडे बोट दाखवले, तर लोक काय म्हणतात इकडे लक्ष न देता तिथे प्रवेश घ्यावा. दोन-तीन उत्तरे विरुद्ध गेली, तर थांबून पुन्हा चौकशी करावी. दुसऱ्याच प्रश्नाचे उत्तर "शिक्षक नाही" असे आले, तर कॉलेज घरासमोर असले तरी तिथे घालू नये.

उसाची लागण चुकली तर दीड वर्षाने रान पुन्हा आपल्या हाती येते. मुलांचे अठरा ते एकवीस हे वय तसे परत येत नाही. म्हणून प्रवेशाचे फॉर्म भरण्यापूर्वी एक दिवस कामाला सुट्टी द्यावी, मुलाला बरोबर घ्यावे आणि कॉलेज पाहून यावे. महाडीबीटीचे अर्ज आणि दाखल्यांबाबत काही अडचण असल्यास सभासदांनी आपापल्या गट कार्यालयात यावे. जेवढी माहिती देता येईल तेवढी आमचे कर्मचारी अवश्य देतील.